रापणीत उरलेला वाटा

ह्या ग्रुपवर मला ओळखणारे ओळखतात. तुमच्या त्या पांढऱ्या साडीतल्या बायका, वळणावर लिफ्ट मागणारे म्हातारे, आपोआप हलणारे पाळणे... त्या सगळ्यांच्या खाली 'झोप पूर्ण घ्या, ॲसिडिटी असेल' अशी कमेंट टाकणारी ती मीच. ॲडमिनने मला समजही दिलेली आहे. त्यामुळे आज मी स्वतः लिहायला बसलेली बघून काहीजणांना आनंदाच्या उकळ्या फुटतील. फुटू देत. माझं मत बदललेलं नाही. भूत, करणी, चकवा ह्यातलं काही मी मानत नाही. देवाला मानते, पण तो वेगळा विषय, आणि त्याच्याशीही माझं अधूनमधून वाजत असतं. लेक मागेच लागली — "मम्मी, तू लिही, नायतर मी लिहितंय, आणि तुका रडताना दाखवतंय." म्हणून लिहिते आहे.

मी इजाबेल. घरात आणि वाडीत सगळे इजू म्हणतात. गाव देवबाग, तालुका मालवण. तारकर्ली ओलांडून सरळ येत राहिलात की रस्ता संपतो तिथे आम्ही. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. टुरिस्ट लोक बोटींवर किंचाळायला येतात ते इथेच. आमच्याही दोन खोल्या आहेत भाड्याने द्यायच्या, जेवण माझ्या हातचं. पण आमचं मूळ काम रापण.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धा वळसा मारते, जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात, आणि मग आख्खी वाडी दोन रांगा करून ते दोर ओढते — उलटं चालत, मागे मागे. हिंदू, ख्रिश्चन, बाया, बापये, ज्याच्या अंगात जोर आहे तो. आमची आई ओढायची. मी फ्रॉकात होते तेव्हापासून ओढते. माझी जागा ठरलेली. पुढे माझा भाऊ बस्त्याव, मग मी, माझ्या मागे वाडीतलीच शेवंता.

मासळी बाहेर आली की जाळ्याचा आणि होडीचा भाग बाजूला काढतात आणि उरलेल्याचे वाटे घालतात. आमच्या वाडीत त्याची एक रीत आहे. रापणीचे म्होरके म्हणजे तांडेल — आमचे भाऊ तांडेल — टोपी काढून पुढे धरतात, आणि दोराला हात लावलेला प्रत्येकजण आपली एक खूण त्यात टाकतो. शिंपला, काडी, बिडीचं थोटूक, काहीही चालतं, फक्त आपली आपल्याला ओळखता आली पाहिजे. जेवढ्या खुणा तेवढे वाटे. मग कोणीतरी एकजण, जो इतका वेळ समुद्राकडे तोंड करून उभा होता आणि ज्याने कोणाची खूण कुठली ते बघितलेलं नाही, तो एकेका वाट्यावर एकेक खूण ठेवत जातो. ज्या वाट्यावर आपली खूण, तो आपला. छोटा-मोठा बोलायचं नाही.

आणि दोराला हात नाही तर खूण नाही, वाटा नाही. आजारी माणसाला कोणी आपल्यातली चार मासळी काढून देतो, पण ते देणं झालं. वाटा नव्हे. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी मारामारी ह्याच्यावरूनच झाली.

गेल्या पावसाळ्यात माझ्या छातीत गाठ सापडली. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, आणि मग डॉक्टर म्हणाले केमो. गोव्याला. लेक लिझा गाडी चालवायची, नवरा पेद्रू तिच्या बाजूला बसून रोझरी म्हणायचा, आणि मी मागे उशीला टेकून त्याच्या चुका काढायची. तो घाबरला की प्रार्थनेतल्या ओळी गाळतो. मी म्हणायची, "पेद्रू, देवाक घाई नाय आसा, सगळा बोल."

आजारी पडलात की कळतं घरात किती शहाणे लोक येऊ शकतात. एक बाई आल्या प्रार्थनेवाल्या, आमच्या चर्चच्या नव्हेत, लांबून आल्या होत्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, केमो घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, औषध सोड आणि फक्त विश्वास ठेव. मी म्हटलं, बाई, तुम्ही चष्मा का लावता? त्या गेल्या. मग दुसऱ्या कोणी येऊन सांगितलं की ही बाहेरची बाधा, कौल लावून बघा. त्यांना मी चहासुद्धा दिला नाही. डॉक्टरला अक्कल दिली ती देवानेच ना? मग एका हाताने रोझरी आणि दुसऱ्या हातात सलाईन, ह्यात मला कधी काही अडचण वाटली नाही.

पण माझी प्रार्थना कशी होती तेही सांगून टाकते, उगाच संतीण व्हायचं नाही मला. मी मागायला बसत नव्हते, हजेरी लावायला बसत होते. केमोमध्ये एक लाल रंगाचं औषध असतं. ते हातात चढायला लागलं की मी मनात म्हणायची, क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथसेमनेच्या बागेत तुलासुद्धा वाटलंच होतं ना, हा पेला टळला तर बरं? तुझा टळला नाही. माझा पण टळणार नाही दिसतंय. तर आता निदान बाजूला बसून रहा, आणि मला उपदेश करू नकोस.

पहिली केमो झाली आणि त्याच आठवड्यात रापण लागली. मी घरात, पडवीत आडवी. बस्त्याव दुपारी आला तो हातात केळीच्या पानात बांधलेली मासळी घेऊन. चांगले ताजे बांगडे, दोन लेपे.

"ह्या काय?" मी विचारलं.

"तुझो वाटो."

"माझो हात लागलो दोराक? मगे माझो वाटो खंयचो?"

तो डोकं खाजवत उभा राहिला. म्हणाला, सगळ्यांनी आपापले वाटे उचलले आणि एक उरला. त्यावर एक शिंपला होता. भाऊंनी सगळ्यांना विचारलं, कोणाचा? कोणाचाच नाही. मग भाऊच म्हणाले, "घेवन जा. इजूचो आसतलो."

मला काय समजायचं ते मी समजले. कोणीतरी गुपचूप एक शिंपला जास्त टाकला. किनाऱ्यावर शिंपल्यांना काय तोटा आहे? बिचारी इजू, केमो चालू आहे, तिच्या नावाने एक वाटा काढूया. तो 'बिचारी' शब्द मला ऐकूही आला नाही, पण माझं डोकं फिरलं. आमचा बाप गेला तेव्हा बस्त्याव पाळण्यात होता. आईने दोर ओढून आम्हाला वाढवलं, कोणाच्या दारात ताट धरलं नाही. मी मासळी उचलली आणि त्याच्याच हातात परत दिली. शेवंताकडे दे म्हटलं, तिच्याकडे खाणारी तोंडं जास्त आहेत.

पुढच्या रापणीला तेच झालं. आणि त्याच्या पुढच्या. प्रत्येक वेळी एक वाटा उरायचा, त्यावर शिंपला, आणि बस्त्याव केळीचं पान घेऊन दारात. मी प्रत्येक वेळी परत पाठवायची. त्याला तोंडावर सांगितलं, "मेल्या, पुण्य कमवायचा आसा तर चर्चमधे झाडू मार. माझ्यार नको." तो शपथेवर सांगायचा की मी नाही टाकत. मी पेद्रूकडे बघायची, पेद्रू जमिनीकडे बघायचा.

तिसऱ्या केमोनंतर मात्र माझी पार वाताहत झाली. केस तर आधीच गेले होते, त्याचं मला विशेष काही नव्हतं, डोक्याला वारा लागतो बरा. पण जेवण गेलं. काही तोंडात घातलं की लोखंड चाटल्यासारखं वाटायचं. जिच्या हातचं खायला पुण्या-मुंबईची माणसं येतात ती बाई पेजेच्या वाटीसमोर बसून घाम गाळायची. तोंडात फोड. पांढऱ्या पेशी खाली. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल, काहीही करा पण खा. काहीही करा म्हणे. मी ऐकून घेतलं आणि गाडीत बसल्यावर ठरवलं की आता पुरे.

घरी येऊन शांतपणे सांगितलं. मला आत्तापर्यंत जेवढं सोसायचं तेवढं सोसून झालं, आता जे आयुष्य आहे ते मी माझ्या चवीने जगणार, परत त्या खुर्चीत बसणार नाही. लिझा रडायला लागली. पेद्रू उठला, आल्तारासमोर, म्हणजे आमच्या देवघरासमोर, मेणबत्ती लावायला गेला, आणि काडी पेटवताच येईना त्याला.  तीस वर्षं होडी हाकलेला माणूस. मी बघितलं आणि तोंड फिरवलं, कारण बघत राहिले असते तर विरघळले असते.

आणि नेमका तेव्हाच बस्त्याव दारात, केळीचं पान घेऊन.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही, ॲडमिन परत समज देतील. शेवटी म्हटलं, "तुम्ही सगळे मिळून माका भिकारीण करतास. दोराक हात नसताना माझ्या नावाचो वाटो! आता बघा. फुडच्या रापणीक मी येतंय दर्यार. खुणा मी गोळा करतंय. जादा खूण टाकणारो गावलो, तर केमो बंद. मगे कोणी माका एक शब्द सांगूचो नाय."

 मग पेद्रूने विचारलं, "आणि नाय गावलो तर?"

"तर जातंय. तोंड बंद करून जातंय."

त्याने हात पुढे केला. मासळीचा सौदा ठरवताना करतात तसा. मी हात मिळवला. लग्नात फादरसमोर आम्ही एकमेकांचा हात धरला होता तेव्हासुद्धा तो इतका गंभीर नव्हता.

रापणीच्या सकाळी लिझाने मला किनाऱ्यावर नेलं. तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, प्लॅस्टिकची खुर्ची, आणि लोकांपासून लांब बसायचं अशी ताकीद. ऊन छान पडलेलं होतं. धुकं नाही, ढग नाही, कुत्रं रडत नव्हतं — तुम्हाला जे काय लागतं वातावरण म्हणून त्यातलं काही एक नव्हतं. मी घरून स्टीलचा डबा नेला होता, झाकणाचा, स्वतः घासून पुसलेला. भाऊंची टोपी मला नको होती, टोपीला अस्तर असतं.

ओढायला सुरुवात होण्याआधी मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आज शिंपला चालणार नाही. काडी, दगड, दर्यावर गावणारी कुठलीच वस्तू चालणार नाही. घरची वस्तू द्यायची, खिशातली नाहीतर अंगावरची. भाऊ तांडेल हसून म्हणाले, "गे बाये, रापणीक इलंस की पोलीस चौकीत?" मी म्हटलं, भाऊ, पहिली झडती तुमचीच.

दोर ओढायला लागले. किती दिवसांनी मी ते बाहेरून बघत होते. आपल्याशिवाय ते चालू आहे ह्याचं वाईट वाटतं, खोटं का बोला. मी माझी रांग बघत होते. बस्त्याव, त्याच्या मागे मोकळी वाळू, मग शेवंता. आता रापणीत असं कधी होत नाही. एखादा माणूस कमी असला की मागचा आपोआप पुढे सरकतो, ओढता ओढता ती फट भरून जाते, सांगावं लागत नाही. इथे ती फट तशीच. सगळी रांग मागे मागे येत होती आणि एका माणसाएवढी ती मोकळी जागा पण त्यांच्याबरोबर मागे मागे येत होती.

मला वाटलं, माझ्या आजाराचा मान ठेवून शेवंता माझी जागा सोडते आहे. म्हणजे परत ती 'बिचारी इजू'. मी मास्क खाली करून ओरडले, "शेवंता, फुडे सरक गो!"

ती दोरावर वाकलेली, घामाने भिजलेली. मान वर न करताच वैतागून म्हणाली, "सरकू खंय? जागा खंय आसा?"

आणि ओढत राहिली.

मी परत बघितलं. बस्त्याव. मोकळी वाळू. शेवंता.  मी मास्क परत वर चढवला. वाळूत पायांचे ठसे बघितले का, असं कोणीतरी विचारणार. अहो, तिथे सगळेजण टाचा रोवत उलटे चालत असतात, ती सगळी वाळू नांगरल्यासारखी होते. तिथे कोणाचा ठसा ओळखणार?

जाळं आलं. पेडवे भरपूर, थोडे बांगडे. मग एकेकजण माझ्या खुर्चीपाशी आला. मी प्रत्येकाचे दोन्ही हात उघडायला लावले, एकच वस्तू घेतली, डब्यात टाकली आणि झाकण लावलं. परत पुढच्याला झाकण काढून. बस्त्यावने गाडीची चावी दिली. पेद्रूने शर्टाचं बटण तोडून दिलं आणि माझ्या डोळ्यात बघितलं. शेवंताने केसातली पीन, भाऊंनी चुन्याची डबी, कोणी लायटर, कोणी कानातलं, कोणी बाटलीचं बूच. मी प्रत्येक वस्तू नजरेखालून घातली. डबा माझ्या मांडीवर, माझ्या दोन हातांत. कोणी त्याला बोट लावलं नाही.

मग मी लिझाचा टॉवेल मांडीवर पसरला आणि डबा त्यावर उलटा केला.

बटण, पीन, चावी, डबी, लायटर... आणि त्यात एक शिंपला. साधा पांढरा, आतून जांभळट, आपल्याकडे पायाखाली येतात तसा. ओला होता. बाकी सगळं कोरडं, आणि त्याच्याभोवती टॉवेलवर ओल पसरत चालली होती.

मी वर बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मला राग यायला हवा होता, तो येईना. मी विचारलं, "कोणी टाकल्यान?"  मग पेद्रू बस्त्यावकडे वळून हळूच म्हणाला, "तू...?"

"मी?" बस्त्याव म्हणाला. "माका तर वाटला तूच टाकतस. म्हणून मी गप होतंय."

"मी कित्याक टाकू? माका वाटला तू बहिणीसाठी..."

आणि मग दोघांनी भाऊंकडे बघितलं. भाऊ तांडेल पंधरा पावसाळे ती टोपी धरतायत, आजवर कोणी त्यांच्या वाट्याला नाव ठेवलेलं नाही. ते गोरेमोरे झाले. म्हणाले, "मी तांडेल आसंय मरे. वाट्यात खोटेपणा मी करतलंय? माका वाटला तुम्ही घरचीच कोणतरी. म्हटला असूदे, घरातल्यांका करूचा आसा तर आपण कित्याक बोला."

म्हणजे इतके दिवस प्रत्येकजण दुसऱ्याचं प्रेम समजून गप्प बसला होता. आणि टाकलेला कोणीच नव्हता.

 मग मीच म्हटलं, वाटे घाला. जेवढ्या खुणा तेवढे. शिंपला धरून. आपली पीन दिल्यापासून शेवंता समुद्राकडे तोंड करून उभी होती, तिने येऊन एकेक खूण ठेवली. सगळ्यांनी आपापले वाटे उचलले.  वाळूत एक वाटा उरला, चांगला चकचकीत पेडव्यांचा, वर शिंपला.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगते, कारण ते महत्त्वाचं आहे. मी घाबरले नव्हते. मी हिशेब लावत होते. आमच्या वाडीचा नियम काय? दोराला हात, तर वाटा. कोणाची दया नव्हती, ते तर आत्ताच सिद्ध झालं. आणि शेवंताला जागा नव्हती. म्हणजे माझ्या जागेवर उभं राहून कोणीतरी दोर ओढला होता — आजच नव्हे, मी तिकडे सुया टोचून घेत होते तेवढे सगळे दिवस — आणि नियमाने मिळालेला वाटा माझ्यासाठी सोडून गेलं होतं. भीक नव्हती ती. घामाची मासळी होती. माझा नसेल, पण कोणाचा तरी घाम. आणि मी ती प्रत्येक वेळी लाथाडत आले होते.

मी उठले, स्वतः वाकले, आणि ते पेडवे डब्यात भरले. पेद्रू मदतीला आला तर त्याला लांब हो म्हटलं. घरी येऊन खुर्चीवर बसून तिखलं केलं, आमचं जाडसर तिखट कालवण, कोकम आणि तिरफळ घालून, चांगलं शिजवून. आणि गरम भाताबरोबर जेवले. लोखंड लागलं नाही. तिरफळ लागलं. ताटात काही ठेवलं नाही. पेद्रू समोर बसून मी जेवते ते बघत होता आणि डोळ्यातलं पाणी पुसायचंही त्याला भान नव्हतं. मी म्हटलं, "रडतस कित्याक, मीठ आसा त्यात पुरेसा." उलटी झाली नाही. आता हा चमत्कार म्हणून नाचू नका, उलटीचं नवीन औषध पण सुरू केलेलं होतं. दोन्ही लिहून ठेवते.

शब्द दिला होता, तो पाळला. पुढच्या केमोला गेले. पेशी वर आल्या होत्या, वजन थांबलं होतं. ती लाल पिशवी लावायला नर्स आली तेव्हा मी तिला म्हटलं, लाव, आज मी जेवून आले आहे. तिला वाटलं मी नाश्त्याबद्दल बोलते आहे.

मग शेवटच्या केमोपर्यंत प्रत्येक रापणीत तो वाटा उरला. मी प्रत्येक वाटा खाल्ला, हक्काने, बोटं चाटून.  एकदा शेवंताला विचारलं, तू त्या दिवशी जागा नाही म्हणालीस ते काय? ती म्हणाली, मी असं काही बोललेच नाही. शपथ घेतली तिने. लिझाने ऐकलं होतं, मी ऐकलं होतं. असो.

आमच्या फादरना मी सगळं सांगितलं. म्हातारे आहेत, कमी बोलतात. म्हणाले, "इजाबेल, येशूचा क्रूससुद्धा थोडा वेळ शिमोनाने वाहिला. येशू त्याला परत जा म्हणाला नाही."

मी म्हटलं, "फादर, शिमोन दिसत तरी होता."

ते हसले आणि विषय बदलला. 

बाकी प्रत्येकाकडे उत्तर आहे. भाऊ म्हणतात दर्याचो राखणदार. चर्चमधल्या बायका म्हणतात देवदूत. बस्त्याव म्हणतो आपली आई. आईबद्दल सांगायचं तर ती असती तर आधी शेवंताला चार शिव्या पडल्या असत्या, कारण शेवंता मागून दोर ढिला सोडते हे सगळ्या वाडीला माहीत आहे. लिझा शिकलेली आहे, ती म्हणते मम्मी, तुझ्या अंगात तेव्हा एवढी औषधं होती, एखादी वस्तू नजरेतून सुटली असेल. मी तिला म्हटलं, बरं, माझ्या अंगात औषधं होती. पण त्याआधीच्या वाट्यांच्या वेळी तर मी तिथे नव्हतेच, आणि वाडीतल्या बाकीच्यांच्या अंगात काय होतं?   खाली कमेंटमध्ये तुम्ही काय ते लिहा, मी लिहायची तशीच लिहा, मला राग नाही.

ह्या वर्षी रापण परत सुरू झाली तेव्हा मी दोराला गेले. डॉक्टरांनी सांभाळून म्हटलं होतं, ऑपरेशनच्या बाजूचा हात अजून नीट वर जात नाही. गेले तरी. बस्त्यावच्या मागे उभी राहिले, शेवंता आपोआप एक पाऊल मागे झाली. दोर हातात घेतला आणि ओढला. भाऊंनी टोपी फिरवली, मी माझी खूण टाकली, रुमालाला लावायची पीन. वाटे घातले. सगळ्यांनी उचलले.

एकही उरला नाही.

बरोबरच आहे, नाही का? मी होते ना जागेवर. पण मला काय झालं कोण जाणे, मी माझा वाटा तिथेच ठेवून पाण्यापर्यंत चालत गेले आणि ढसाढसा रडले. आख्ख्या केमोत एवढी रडले नव्हते. मागून पेद्रू आला, त्याला वाटलं हात दुखला. मी त्याला सांगितलं, मला नीट आभार पण मानायला मिळाले नाहीत रे. तो माझ्या बाजूला उभा राहिला.

पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे. सध्या सगळं ठीक आहे असं म्हणतात, पण हा आजार कसा आहे ते मला माहीत आहे, आणि मला कोणी खोटी आशा दाखवलेली चालत नाही. परत आला तर परत जाईन, परत त्या खुर्चीत बसेन, परत टक्कल करून घेईन. देवाला तसं सांगून ठेवलं आहे. आणि तू जो कोण आहेस, तुलाही इथेच सांगते, कारण दुसरा पत्ता मला माहीत नाही. तशी वेळ आली तर माझ्या जागेवर ये, दोर धर. पण त्या खेपेला वाटा निम्मा निम्मा. मी किनाऱ्यावर तुझा ठेवीन, आणि तू तो नेलास का नाही ते बघायला मी बसून राहीन.